कडू तळ्याचे गोड पाणी

ज्या जंगलात खोटे असे कोणीच बोलत नसे, जो तो फक्त बाकीच्यांसारखे बोलत असे, त्या जंगलात एक भेकरीण राहत असे. मुलांनो, भेकर म्हणजे हरणाच्याच कुळातले एक लहानखुरे जनावर. दिसायला गरीब, पायाने चपळ, आणि आवाज मात्र थेट कुत्र्यासारखा. बिबट्याचा नुसता वास आला तरी ते असे भुंकते की समोरचा डोंगर उलट ओरडतो. या भेकरिणीच्या भुंकण्याला तर त्या जंगलात फार मान होता. ती भुंकली की ससे झुडपात, वानरे शेंड्यावर आणि रानडुकरे काट्यात. "कुठे आहे? कशावरून?" असे विचारायला कोणी थांबत नसे. थांबणारे पूर्वी होऊन गेले होते. त्यांचा वंश वाढला नव्हता.

जंगलाच्या मधोमध एक तळे होते. संध्याकाळी सगळी जनावरे तिथे पाण्याला येत. आधी वडीलधाऱ्यांनी तोंड लावायचे, मग इतरांनी, अशी रीत होती. पाणी पिऊन वर आलेल्याला वाट पाहणाऱ्याने विचारायचे, "पाणी कसं?" आणि त्याने म्हणायचे, "गोडच गोड." कोणे एके काळी मोठा दुष्काळ पडला असताना पूर्वजांना हे तळे सापडले आणि त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला, असे सांगत. पूर्वजांना तेव्हा तहान लागलेली होती. पुढे तहान असो नसो, तो त्या जंगलाचा रामरामच होऊन बसला. सकाळी वाटेत भेटले तरी "पाणी कसं?" आणि "गोडच गोड." पोराला पाय फुटले की आधी हे शिकवायचे, मग चरायला शिकवायचे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. असेच म्हटले पाहिजे असा हुकूम त्या जंगलात कोणी काढलेला नव्हता. एक वाघ होता, पण पाण्याविषयी त्याचे काही मत नव्हते. आणि तो पाण्यावर येई तेव्हा मत विचारायला दुसरे कोणी तिथे नसे. हुकूम असता तर बरे झाले असते. हुकूम मोडता येतो, निदान हुकूम काढणाराला पाठीमागे नावे ठेवता येतात. इथे नावे ठेवायची कोणाला?

तर एका उन्हाळ्यात वळवाचे वादळ सुटले आणि काठावरचे काजऱ्याचे झाड मुळासकट उन्मळून तळ्यात पडले. काजऱ्याचे फळ दिसायला नारिंगासारखे, पण साल, पाला, बी सगळे विषारी आणि कडू जहर. पाणी आधीच आटत आलेले. त्यात ते अख्खे झाड कुजू लागले. थोड्याच दिवसांत तळ्याला काढ्याचा रंग आला.

तो रंग चढला त्या संध्याकाळी रीतीप्रमाणे म्हातारा वानर पहिल्यांदा पाण्यावर गेला. त्याने एक घोट घेतला आणि त्याचे तोंड वाकडे झाले. पण वर पाहतो तो सगळे जंगल त्याच्याकडे बघत उभे. म्हाताऱ्याच्या मनात आले, आपले दात गेले, आता जीभही गेली वाटते. हे चारचौघांत कशाला दाखवा?

"आजोबा, पाणी कसं?" रानडुकराने विचारले.

"गोडच गोड," म्हातारा म्हणाला आणि तोंड पुसत झाडावर चढला.

रानडुकराने घोट घेतला. त्याला वाटले, एवढे पिकलेले आजोबा गोड म्हणाले, म्हणजे बिघाड आपल्यात आहे. दुपारी नको ते कंद उकरून खाल्ले, त्याचे हे फळ. तोही म्हणाला, "गोडच गोड." कोल्ह्याने दोघांचे ऐकले. कोल्ह्याला पाण्याची चव घेण्याआधी वाऱ्याची दिशा घेण्याची सवय होती. तो तर पाण्यावर पोचायच्या आतच म्हणाला, "वा, आज तर फारच गोड दिसतंय." असे करत करत भेकरिणीची पाळी आली. तिने मान वाकवली, घोट घेतला, आणि तिच्या कानाच्या टोकापर्यंत कडू झाले. तिने डावीकडे पाहिले. तिने उजवीकडे पाहिले. सगळ्यांची तोंडे कशी शांत आणि समाधानी.

"पाणी कसं, भेकरताई?" मागून ससीण विचारत होती.

भेकरीण म्हणाली, "गोडच गोड."

बिबट्याचा वास आला असता तर तिने डावीकडे उजवीकडे पाहिले नसते. पण बिबट्याला वास असतो. कडू पाण्याला फक्त आपली एकट्याची जीभ असते, आणि एकट्या जिभेवर विश्वास ठेवायला त्या जंगलात कोणी कोणाला शिकवलेच नव्हते.

रांगेच्या शेवटी एक मुंगूस होते. त्याने घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. "अहो," ते इकडे तिकडे बघत म्हणाले, "मी आपलं विचारतो हं, राग मानू नका. हे थोडं कडू नाही का लागत?"

मग कोल्हा खुदकन हसला.

"कालपर्यंत साप खात होतास, आज पाण्याला नावं ठेवतोस?"

"अरे, याच्या तोंडाची चव गेली," रानडुक्कर म्हणाले. "आजोबांच्या सात पिढ्या हे पाणी प्याल्या, आणि याला कडू लागतंय."

"नाही, म्हणजे मला एकट्यालाच लागलं असेल," मुंगूस म्हणाले.

"एकट्यालाच. तेच म्हणतोय आम्ही."

आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्याने कोण हसले असेल? भेकरीण हसली. ज्याच्या मनात चोर असतो त्याला दुसऱ्याच्या चोरीवर जरा जास्तच मोठ्याने हसावे लागते. दुसऱ्या दिवसापासून मुंगसाला 'कडवट' हे नाव पडले. त्याच्या बायकोशी शेजारणी बोलेनात. त्याची पोरे खेळायला आली की खेळ संपे. तिसऱ्या दिवशी मुंगूस सर्वांच्या आधी येऊन उभे राहिले, भला मोठा घोट घेतला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणाले, "गोडच गोड. परवा मी चुकून कडुलिंबाचा पाला चघळला होता." लोकांनी त्याला मोठ्या मनाने माफ केले. मुलांनो, माफ करणाऱ्यांची मने त्या जंगलात फारच मोठी होती.

पुढे काय झाले म्हणाल, तर भेकरिणीला पाणी खरोखरच गोड लागू लागले. म्हणजे जिभेला कडूच लागे, पण जीभ काही बोलायच्या आत मन तिला दटावी. 'आजोबा खोटे बोलतील का? डुकरदादा खोटे बोलतील का? सगळे जंगल एकीकडे आणि तू एकटी एकीकडे. तू कोण मोठी लागून गेलीस?' रोज रोज दटावणी खाऊन जीभ गप्प झाली. पोटात मात्र मुरडा येई. भेकरीण म्हणे, उन्हाळा बाधला.

तिला एक पाडस होते. त्याच वसंतात जन्मलेले, अंगावर अजून ठिपके असलेले. दूध सुटत आले तशी एका संध्याकाळी ती त्याला तळ्यावर घेऊन आली. पोराचे पहिले पाणी म्हणजे त्या जंगलात सोहळाच असे. सगळे काठावर कौतुकाने गोळा झाले. पाडसाने पाण्याला तोंड लावले आणि झटकन मागे घेतले.

"आई, हे कडू आहे गं."

भेकरिणीला मुंगूस आठवले. मुंगसाची पोरे आठवली. तिने पाडसाला अंगाखाली घेतले आणि दात आवळून कुजबुजली, "शू. असं म्हणू नये. सगळे काय म्हणतात ते ऐक. आपल्याला काय लागतं ते नाही बघायचं."

"पण कडू आहे."

"मला नाही लागत ते. तुलाच कसं लागतं? पी."

पाडसाने आईकडे पाहिले. आई कधी चुकत नाही. ती भुंकली की सगळे जंगल धावते, हे त्याने पाहिले होते. ते डोळे मिटून पोटभर पाणी प्याले आणि मान वर करून, शिकवले होते तसे, खणखणीत आवाजात म्हणाले, "गोडच गोड."

"शाब्बास," म्हातारा वानर झाडावरून म्हणाला. "वळण आहे हो पोराला."

"आईच्या वळणावर गेलंय," कोल्हा म्हणाला.

भेकरिणीचा ऊर भरून आला. तिला त्या संध्याकाळी जितका अभिमान वाटला तितका पुढे कधीच वाटला नाही, आणि वाटायलाही नको होता.

त्याच आठवड्यात ससिणीची पिल्ले गेली. सगळी. सकाळी पाहिले तर झुडपात पाय ताठ करून पडलेली. सगळे जंगल भेटायला आले. ससीण कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"ऊन लागलं," रानडुक्कर म्हणाले.

"ऊनच," वानर म्हणाला. "यंदा ऊन फार."

"हो," ससीण म्हणाली, "ऊन लागलं." आणि उठून जाणाऱ्या प्रत्येकाने रीतीप्रमाणे तिला "पाणी कसं?" विचारले, आणि त्या बाईने प्रत्येकाला "गोडच गोड" म्हणून निरोप दिला.

मग पाडसाची पाळी आली. आधी ते चरेना. मग त्याचे पाय आखडू लागले, आणि पान हलले तरी सगळे अंग धनुष्यासारखे ताठ होई. भेकरीण त्याला चाटत बसली. समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाजवळ एक उपाय होता.

"याला भरपूर पाणी पाज," वानर म्हणाला.

"तळ्याचंच पाज बरं का," कोल्हा म्हणाला. "तळ्याच्या पाण्यासारखं औषध नाही."

"आमच्याकडे सगळे तेच पितात," रानडुकराने सांगितले.

भेकरीण तोंडात पाणी भरून आणी आणि पाडसाच्या तोंडात सोडी. ते तोंड फिरवी. ती त्याला रागावे. पाहणारे मान डोलावत. एकानेही, मुलांनो, एकानेही 'थांब' म्हटले नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांनी फार गोड गोड कारणे दिली आहेत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जंगल सावलीला निजलेले असते त्या वेळी, भेकरीण कोवळा पाला शोधायला निघाली. जवळपास सगळे वाळून गेले होते, म्हणून चालत चालत ती पार कोरड्या ओढ्यापर्यंत गेली. तिकडे उन्हाळ्यात कोणी फिरकत नसे. पाणीच नव्हते, तर कशाला फिरकतील? पण ओढ्याच्या वाळूत पाहते तो ताजी पावले. सशाची, डुकराची, कोल्ह्याची, वानराची. भेकरीण करवंदीच्या जाळीआड उभी राहिली.

समोरच ससीण होती. तिने वाळूवरचा पालापाचोळा बाजूला केला. खाली एक झिरा होता. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. वरून ओढा कोरडा दिसला तरी खालचे पाणी त्यात झिरपून साठते. ससीण पाणी प्याली, तिने पुन्हा पाचोळा ओढला, इकडे तिकडे पाहिले आणि ती वळली. थोड्या अंतरावर खडकाच्या आड कोल्ह्याचे शेपूट हलत होते. तोही झिऱ्यात तोंड घालून होता. पलीकडच्या वळणावर रानडुक्कर. त्याचा झिरा तर चांगला प्रशस्त. आणि दगडाच्या सावलीत बसून ओंजळीने पाणी पिणारा म्हातारा वानर. सगळ्यांचे झिरे एकाच ओढ्यात, हाकेच्या अंतरावर, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येकाने आपापल्या झिऱ्यावर पाचोळा पसरलेला. इतकी शिस्त त्या जंगलात कधी कोणत्या चांगल्या कामात दिसली नव्हती.

भेकरीण जाळीतून बाहेर आली. ससीण जागच्या जागी थिजली.

"पाणी कसं, ससेबाई?" भेकरिणीने विचारले.

सवय वाईट असते. ससिणीच्या तोंडून निघून गेले, "गोडच..." आणि तिला पुढे बोलवेना.

"याचं विचारत नाही मी. तळ्याचं सांग."

ससीण खाली बसली. "कडू," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कडू. माझी पिल्लं त्यानंच गेली, भेकरताई."

"आणि तू 'ऊन लागलं' म्हणालीस."

"सगळे म्हणाले. माझ्या एकटीचं कोण ऐकणार होतं?"

"माझं पाडस पीत होतं ते तू पाहिलंस."

"पाहिलं."

"तुझी पोरं पुरून तू माझ्या पोराच्या सोहळ्याला काठावर उभी राहिली असतीस, तरी काही बोलली नसतीस."

"तुझं पाडस आधी प्यालं गं," ससीण म्हणाली, आणि मग तिलाच आपल्या उत्तराची लाज वाटली. "नाही, नसते बोलले."

आवाज ऐकून रानडुक्कर वर आले. कोल्हा खडकाआडून डोकावला. एकमेकांना पाहून दोघेही इतके दचकले की बिबट्या पाहूनही तितके दचकले नसते.

"तुझाही झिरा?" डुकराने विचारले.

"तुझाही?" कोल्ह्याने विचारले.

"म्हणजे तुम्ही तळ्याचं पाणी पीतच नाही?" भेकरीण म्हणाली.

"ओठ बुडवतो," रानडुक्कर खाली मान घालून म्हणाले. "घोट घेत नाही. कोण घोट घेतं बघायला तिथं कोणाला वेळ असतो? कोण काय म्हणतो तेवढं बघतात."

"आणि मला सांगत होतात, पोराला भरपूर पाज. आमच्याकडे सगळे तेच पितात."

"अगं, मला वाटलं मी सोडून सगळे खरंच पितात."

"मलाही तसंच वाटलं," कोल्हा म्हणाला. "मी एकटाच काय तो नाजूक घशाचा."

"आणि तुम्ही आजोबा?"

वानर दगडावरून उतरला नाही. "पोरी, मी म्हातारा माणूस. माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं काय होणार होतं?"

"तुमच्या एकट्याच्या म्हणण्यानंच तर हे सगळं झालं."

म्हाताऱ्याने ओंजळीतले पाणी सांडून टाकले.

"त्यांना कशाला बोलतेस?" रानडुक्कर म्हणाले. ते चिडले नव्हते; ते खरेच बोलत होते, म्हणून ते जास्त लागले. "पहिल्या दिवशी गोड म्हटलं तरी मला शंका होतीच. म्हटलं, भेकरताई येऊ दे. तिचं नाक, तिची जीभ कधी चुकत नाही. तू भुंकलीस की मी डोळे मिटून पळतो, कधी विचारलंय का तुला कशावरून म्हणून? आणि तू प्यालीस आणि गोड म्हणालीस. मग माझी खात्रीच झाली, बिघाड आपल्यातच आहे. वर मुंगसाला हसलीस ते वेगळंच."

भांडायला आलेल्याला खरे ऐकावे लागणे, याहून मोठी शिक्षा जगात दुसरी नाही. भेकरीण वळली. ससीण मागून म्हणाली, "माझा झिरा घे तू. पाडसाला इथं आण. मी दुसरा उकरीन."

पाडसाला उभे राहवत नव्हते. भेकरिणीने त्याला डोक्याने ढकलत, मध्ये मध्ये थांबत, ओढ्यापर्यंत आणले. ससिणीने वाळू आणखी उकरून ठेवली होती. पाडसाने पाण्याला तोंड लावायच्या आधी आईकडे पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, "आई, याला काय म्हणायचं?"

"काही म्हणू नकोस, बाळा," भेकरीण म्हणाली. "तू नुसतं पी."

ते पीत राहिले. ऊन कलले तशी त्याचे ताठ पाय जरा सैल झाले. ससिणीला त्याच्याजवळ बसवून भेकरीण तळ्याकडे निघाली.

तळ्यावर रोजच्यासारखी रांग लागली होती. ससीण सोडली तर दुपारी ओढ्यात भेटलेले सगळे हजर होते, आणि दुपार जणू उगवलीच नव्हती अशा चेहऱ्याने उभे होते. म्हातारा वानर खाली उतरला, ओठ बुडवले, वर आला.

"आजोबा, पाणी कसं?"

वानराने एकदा भेकरिणीकडे पाहिले, मग उरलेल्या सगळ्या जंगलाकडे पाहिले. ते जास्त होते. "गोडच गोड," तो म्हणाला.

रानडुक्कर म्हणाले, कोल्हा म्हणाला. मग भेकरिणीची पाळी आली. ती काठावर गेली. तिने मान वाकवली नाही.

"पाणी कसं, भेकरताई?" मागच्याने विचारले.

भेकरीण भुंकली.

ती आयुष्यात अशी भुंकली नव्हती. क्षणात सगळे पसार झाले. वानरे शेंड्यावर, डुकरे काट्यात, कोल्हा कुठे गेला ते त्यालाही कळले नाही. धुरळा बसला तरी भेकरीण काठावरच उभी. हळूहळू डोकी वर आली.

"अगं, बिबट्या कुठाय?" वानराने शेंड्यावरून विचारले.

"पाण्यात."

"पाण्यात कसा असेल?"

"या पाण्यात आहे. त्यानं ससिणीची पिल्लं खाल्ली. माझं पाडस अर्धं खाल्लं. तुम्ही रोज संध्याकाळी रांग लावून त्याच्यापुढे उभे राहता आणि त्याला गोड म्हणता. हे पाणी कडू आहे. पहिल्या दिवसापासून कडू आहे. आणि हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

कोणी हलेना. काट्यातून कोल्ह्याचा आवाज आला, "उन्हानं डोकं फिरलं हिचं." दोघे तिघे हसले. तेवढ्यात मुंगूस पुढे आले. भेकरिणीला वाटले, हा तरी आपल्या बाजूने बोलेल. याने हे सर्वांत आधी म्हटले होते. पण मुंगूस ओरडले, "गोड आहे. गोडच गोड. हिला एकटीलाच कडू लागतंय." बिचाऱ्याला एकदा धडा मिळाला होता आणि तो त्याने मनापासून पाठ केला होता.

भेकरिणीला त्याचा राग आला नाही. तो धडा द्यायला आपण सर्वांत पुढे होतो, हे तिला आठवत होते. "मुंगूसभाऊ," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला हसले. मला तेव्हाही ते कडूच लागलं होतं."

मुंगसाचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. तेवढ्यात काठावरच्या गवतातून एक बारीकसा आवाज आला.

"कडू."

ससीण होती. पाडसाला झोप लागली म्हणून ती सांगायला आली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असे तिने पुन्हा म्हटले, "कडू. माझ्या पोरांना ऊन लागलं नव्हतं."

मग काट्यातून रानडुक्कर बाहेर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "कडूच आहे. माझा ओढ्यात झिरा आहे."

झाले. धरणाचा बांध फुटावा तसे सगळे फुटले. "माझाही आहे." "मी तर कधीचा म्हणतोय." "मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो," म्हातारा वानर शेंड्यावरून म्हणाला, "पण म्हटलं, उगाच पोराटोरांना घाबरवा कशाला?" कोल्हा सर्वांत पुढे येऊन उभा राहिला. "कडू म्हणजे काय, कडू जहर. आजवर कोणी हिंमत केली नाही, आपण केली." पावसाळी बेडकांनाही डरांव करायला सुरुवात करताना एवढी घाई नसते. पण ज्यांनी मुंगसाला हसून हाकलले होते, त्यांच्यापैकी एकही त्याच्याकडे जाऊन काही बोलला नाही. प्रत्येकाला वाटले, बाकीचे बोलतील.

त्या दिवसापासून सगळे जंगल उघडपणे ओढ्यावर जाऊ लागले. झिऱ्यांवरचा पाचोळा निघाला. पाडस उठले, चरू लागले. एक मागचा पाय मात्र जरा ताठ राहिला तो राहिलाच. आणि जंगलाचा रामरामही बदलला. आता "पाणी कसं?" विचारले की म्हणायचे, "कडूच कडू." पोराला पाय फुटले की आधी हे शिकवायचे, मग चरायला शिकवायचे. भेकरिणीचा मान फार वाढला. रांगेत तिला वानराच्याही आधी उभे करू लागले.

पुढे पावसाळा आला. ओढ्याला मोठा पूर आला, त्याचे पाणी तळ्यात घुसले आणि काजऱ्याचे ते झाड, त्याचा चिखल, सगळे ओढून घेऊन गेले. पावसाळा सरला तेव्हा तळे काठोकाठ भरलेले आणि इतके नितळ की तळाचे खडे दिसावेत. ओढा मात्र आटत चालला, त्याच्या काठचा चिखल डुकरांनी तुडवून लाल केला, तरी सगळे जंगल तळ्याला वळसा घालून रोज तेवढे अंतर चालत ओढ्यावर जाई, गढूळ पाणी पिई, आणि तळ्याशेजारून परतताना एकमेकांना म्हणे, "पाणी कसं?" "कडूच कडू."

एका सकाळी भेकरीण आणि पाडस तळ्याच्या काठाने चालले होते. पाडस लंगडत मागे राहिले. भेकरिणीने वळून पाहिले, तर ते वाकून तळ्याचे पाणी पीत होते. ती धावत गेली. पाडसाने मान वर केली, ओठावरून थेंब टपकत होते.

"आई, हे गोड आहे गं."

वर झाडावर वानर बसला होता. वाटेने कोल्हा येत होता. मागे मुंगूस होते. भेकरिणीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पाडसाला अंगाखाली घेतले आणि कुजबुजली, "शू. असं म्हणू नये. सगळे काय म्हणतात..."

आणि तिथेच तिची जीभ अडखळली. हे शब्द तिने पूर्वी कोणाला सांगितले होते आणि त्याचे काय झाले, ते तिच्या पायाशी एक पाय ताठ ठेवून उभे होते.

"भेकरताई," कोल्ह्याने लांबूनच विचारले, "पाणी कसं?"

भेकरिणीने कोणाकडेही पाहिले नाही. ती पाण्याशी गेली, मान वाकवली, एक घोट घेतला, तो जिभेवर नीट घोळवला, आणि मगच गिळला.

"गोड आहे," ती म्हणाली.

कोल्हा थांबला. त्याने वर वानराकडे पाहिले. वानराने दुसरीकडे पाहिले. मुंगूस पुढे आले, पाण्याच्या कडेला उभे राहिले, आणि पाण्याकडे न बघता हळूच विचारू लागले, "बाकीचे काय म्हणतात?"

"ते मला ठाऊक नाही," भेकरीण बाजूला सरून त्याला जागा करून देत म्हणाली. "तुम्ही प्या, मुंगूसभाऊ. आणि पिऊन झाल्यावर मला सांगा."

तात्पर्य : जगाने गोड म्हटले म्हणून कडू गोड होत नाही, आणि जगाने कडू म्हटले म्हणून गोड कडू होत नाही. 'माझ्या एकट्याचे कोण ऐकणार?' असे म्हणणारे सगळे एकत्र केले तर तेच जग असते. म्हणून घोट स्वतः घ्यावा आणि जे लागेल ते चारचौघांत सांगावे, नाहीतर आपल्या गप्प बसण्याची किंमत पोरेबाळे भरतात.